वेबसाईट काढताय? आधी नाव आपल्या नावावर करून घ्या

गेल्या महिन्यात भिवंडीचे एक यंत्रमागधारक बांधव शहाडला माझ्या दुकानी आले. बसल्याबरोबर त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. वेबसाईट बनवून देणाऱ्या कोणा मंडळींचे ते कोटेशन होते. दहा पाने, रंगीत लोगो, सरकणारी चित्रे, "गुगलमध्ये पहिला नंबर" आणि सर्वात खाली ठळक अक्षरांत "डोमेन मोफत". एकूण ४५,००० रुपये. "भाईजान, हे घेऊ की नको?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी काही संगणकतज्ज्ञ नाही, कापड विकणारा माणूस आहे. परंतु या कामात एकदा चांगलाच फटका खाल्लेला असल्यामुळे त्यांना तासभर बसवून घेतले. त्या तासाभरातले बोलणे इतर व्यापारी व कारागीर बांधवांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

पहिली गोष्ट ही की वेबसाईट कशासाठी हवी ते एका कागदावर, आपल्या भाषेत, चार ओळींत लिहून काढावे. शेजारच्याने काढली म्हणून आपणही काढायची, असे करू नये. ज्यांचे किरकोळ दुकान आहे आणि गिऱ्हाईक सगळे कल्याण, उल्हासनगर, टिटवाळा या टापूतलेच आहे, त्यांचे काम बहुधा गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करून भागते. ती नोंद मोफत आहे. दुकान कोठे आहे, कधी उघडते, शुक्रवारी नमाजच्या वेळी किती वाजेपर्यंत बंद असते, फोन नंबर काय, एवढे गिऱ्हाइकाला कळले की पुरे. याउलट भिवंडीचा जो भाऊ माझ्याकडे आला होता तो कोरा माल विणतो. त्याचा माल दलालामार्फत मुंबईच्या बाजारात जातो. त्याला एकेक मीटर विकण्याची टोपली आणि ऑनलाईन पैसे घेण्याची यंत्रणा कशाला हवी? त्याला हवे आहे ते एवढेच, की परगावचा एखादा खरेदीदार नाव ऐकून शोधू लागला तर माग किती, पन्हा किती, कोणत्या नंबरच्या सुताचे काम होते, महिन्याला किती मीटर निघते आणि कारखान्याचा पक्का पत्ता काय, हे एका जागी मिळावे. दर तर त्याने लिहूच नये, कारण सुताचा भाव रोज हलतो आणि कालचा दर आज दाखवला की भांडण ठरलेले. तीन पानांत हे काम होते. दहा पानांचे पैसे कशाचे?

जरीकाम, चिकन, रफू, शिवण करणाऱ्या कारागिरांची गोष्ट निराळी. त्यांचे खरे भांडवल म्हणजे नमुन्यांची वही. तीच वही नीट फोटो काढून वेबसाईटवर ठेवली आणि प्रत्येक नमुन्याखाली "हे काम करण्यास इतके दिवस लागतात" असे लिहिले, तर निम्मे फोन वाचतात.

आता त्या "डोमेन मोफत" ओळीकडे येतो, कारण सारी मेख तेथेच आहे.

वेबसाईटचे तीन भाग असतात आणि ते तिन्ही वेगवेगळे आहेत हे आपल्या लोकांना कोणी समजावून सांगत नाही. डोमेन म्हणजे नाव, दुकानावरची पाटी. होस्टिंग म्हणजे गाळा, ज्याचे भाडे दरवर्षी भरावे लागते. आणि जी पाने दिसतात ती आतली मांडणी, फर्निचर. फर्निचर मोडले तर दुसरे करता येते. गाळा बदलता येतो. पण पाटीवरचे नाव दुसऱ्याच्या नावावर असेल तर दुकान तुमचे नाही.

माझ्या बाबतीत नेमके हेच झाले. काही वर्षांपूर्वी एकाकडून वेबसाईट करून घेतली. काम वाईट नव्हते. नाव त्याने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर नोंदवले. मी विचारलेही नाही. पैसे दिले, पावती घेतली, दुकानाच्या पिशव्यांवर पत्ता छापून घेतला, दोन हजार व्हिजिटिंग कार्डे वाटली. दोन वर्षांनी त्याचा फोन लागेनासा झाला. जागा सोडून तो कोठे गेला कळले नाही. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या ईमेलवर जात राहिल्या, माझ्यापर्यंत एकही आली नाही. मुदत संपली आणि एके दिवशी नाशिकच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "सेठ, तुमच्या वेबसाईटवर हे काय भलतेच दिसते आहे?" नाव दुसऱ्या कोणीतरी उचलले होते आणि तेथे अशी चित्रे लावली होती की घरात मुलांसमोर उघडता येऊ नयेत. पिशव्या तर शहरभर फिरत होत्या. उरलेल्या पिशव्या मी रद्दीत घातल्या. गिऱ्हाइकांना एकेकाला फोन करून सांगावे लागले. पैशापेक्षा शरमेचे दुःख मोठे होते.

म्हणून आता कोणी विचारले की मी एवढेच सांगतो, नाव स्वतः नोंदवा. रजिस्ट्रार कंपनीच्या वेबसाईटवर स्वतःचे खाते उघडायचे, ईमेल स्वतःचा, मोबाईल स्वतःचा, पैसे स्वतःच्या कार्डावरून किंवा यूपीआयवरून. नोंदणी करताना मालकाचे नाव विचारतात तेथे आपले किंवा आपल्या फर्मचे नाव पडले पाहिजे. एका नावाला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. डॉट कॉम आणि डॉट इन ही नावे एका वेळी दहा वर्षांपर्यंत घेता येतात. मुदत संपली तरी नाव लगेच जात नाही. डॉट कॉमला आधी काही दिवसांची सवलत मिळते, मग ३० दिवसांचा एक काळ असतो ज्यात जबर फी भरून नाव परत मिळवता येते, आणि त्यानंतर ते सर्वांना खुले होते. तोपर्यंत वेळ जाऊ देऊ नये. दुकानाच्या भाड्याच्या तारखेशेजारी ही तारीखही वहीत लिहून ठेवावी. ज्यांचे नाव आजही दुसऱ्याच्या खात्यात आहे त्यांनी त्या माणसाशी संबंध चांगले आहेत तोवरच ट्रान्सफरचा कोड मागून नाव आपल्या खात्यात आणावे. बिघडल्यावर मागाल तर तो आपली किंमत सांगेल.

नावाला कायद्याचे संरक्षण नाही असे मात्र समजू नये. मुंबईच्या रेडिफ कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते "रॅडिफ" असे नाव दुसऱ्यांनी घेतले होते, तेव्हा १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना मनाई केली आणि डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखेच संरक्षण मिळाले पाहिजे असे म्हटले. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हाच पाया मान्य केला. पण त्या कंपन्या होत्या, वकील उभे करू शकल्या. आपल्यासारख्याने हजार रुपये वाचवायचे आणि मग कोर्टाची पायरी चढायची, यात काय फायदा?

कोणी म्हणेल की एवढे कशाला, फेसबुक आहे, इन्स्टाग्राम आहे, तेथे पान काढणे मोफत. काढावे, अवश्य काढावे. पण ती दुसऱ्याची जमीन आहे हे लक्षात ठेवून काढावे. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा तेथे व्हिडिओ टाकून ज्यांनी हजारो लोकांची ओळख कमावली होती त्यांची ती सारी कमाई एका रात्रीत गेली. त्याच्याही पुढची गोष्ट गुगलची. गुगल छोट्या दुकानदारांना मोफत वेबसाईट देत असे. कितीतरी लोकांनी तीच आपली वेबसाईट मानली होती. मार्च २०२४ मध्ये गुगलने त्या सर्व बंद केल्या. नकाशावरील नोंद राहिली, वेबसाईट गेली. ज्यांच्याकडे स्वतःचे नाव होते त्यांनी ते दुसऱ्या पानाकडे वळवले आणि गिऱ्हाइकाला फरकही जाणवला नाही.

होस्टिंगविषयी फार बोलण्यासारखे नाही. छोट्या धंद्याला सर्वात स्वस्त प्रतीचे पुरते. एवढे पाहावे की पत्त्याआधी कुलपाची सोय, म्हणजे एसएसएल, दिलेली आहे. ती नसेल तर २०१८ पासून क्रोम ब्राउझर "सुरक्षित नाही" असे दाखवतो आणि गिऱ्हाईक दारातूनच परत फिरते. या सोयीसाठी आता वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही, ती मोफतही मिळते. "गुगलमध्ये पहिला नंबर" या ओळीला मात्र एक पैसाही देऊ नये. तो नंबर देण्याचे कोणाच्याही हातात नाही.

खरी मेहनत आहे ती माल दाखवण्याची. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक आधी हात लावते. अंगठा आणि बोट यांत कापड चोळते, उजेडाकडे धरते, कानाजवळ नेऊन ताण देते. बाईमाणूस असेल तर काठ उलटा करून पाहते. वेबसाईटवर हा हात नाही. तो हात शब्दांनी आणि चित्रांनी द्यावा लागतो, आणि येथेच बहुतेक जण "उत्तम दर्जा, वाजवी दर" एवढे लिहून मोकळे होतात. त्यापेक्षा असे लिहावे: सुती की मिश्र, मिश्र असेल तर किती टक्के, सुताचा नंबर, पन्हा किती इंच, एका चौरस मीटरचे वजन, धुतल्यावर किती आटते, रंग जातो का, ताका किती मीटरचा. फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत काढावा, ट्यूबलाईटखाली नव्हे. मोबाईलमधली रंग खुलवण्याची करामत बंद ठेवावी. एक फोटो पूर्ण कापडाचा, एक अगदी जवळून, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून, म्हणजे वीण किती घट्ट आहे ते दिसते. रंगाच्या प्रत्येक लॉटमध्ये थोडा फरक पडतो हे आपल्याला माहीत असते, गिऱ्हाइकाला नसते. तेही लिहावे.

आणि जे कापड ज्याचे आहे तेच नाव द्यावे. आमच्या शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना १९५० च्या दशकापासून आहे. तेथे निघणारे व्हिस्कोसचे सूत लाकडाच्या लगद्यापासून बनते. बाजारात त्याला वर्षानुवर्षे "आर्ट सिल्क" म्हणत आले. चांगले सूत आहे, चमक आहे, मागणी आहे. पण वेबसाईटवर त्यातला "आर्ट" गाळून नुसते "सिल्क" लिहिणे ही फसवणूक झाली. समोरासमोर गिऱ्हाईक हाताने ओळखते. पडद्यावर ते आपल्या शब्दावर विश्वास ठेवते. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आतला ओलावा बाहेर काढला आणि ओला भाग वर का ठेवला नाही असे विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपण मशिदीत अनेकदा ऐकली आहे. वेबसाईटवर तर ढिगात हात घालायला कोणी येणारच नाही. तेथे ओला भाग आपणच वर ठेवायचा. सेकंड माल असेल तर सेकंड लिहा, ताक्यात जोड असेल तर जोड लिहा. मी तसे लिहितो आणि सेकंड माल आधी संपतो, असा माझा अनुभव आहे.

न पाहिलेल्या मालाच्या सौद्याचा प्रश्न आपल्या फिक्हमध्ये इंटरनेटच्या कितीतरी शतके आधी येऊन गेला आहे. हनफी मसलकात त्याला खियार-ए-रूयत म्हणतात. ज्याने वस्तू न पाहता घेतली त्याला पाहिल्यावर सौदा ठेवण्याचा किंवा मोडण्याचा हक्क असतो, आणि पाहण्याआधीच "मला मंजूर आहे" असे त्याच्याकडून वदवून घेतले तरी तो हक्क जात नाही. हिदाया या ग्रंथात तर घडी घातलेल्या कापडाचाच दाखला आहे. घडीचा बाहेरचा भाग पाहिला तर कापड पाहिले असे धरावे. पण आतमध्ये नक्षी असेल आणि खरेदीचा हेतू तीच असेल, तर ती नक्षी पाहिल्याशिवाय पाहणे पुरे होत नाही. साडीचा फोटो घडीत काढून टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पदर उलगडून दाखवावा. आपले कोकणी बांधव शाफई आहेत. त्या मसलकात न पाहिलेल्या वस्तूच्या विक्रीबाबत अधिक सक्ती आहे, तेव्हा त्यांनी आपल्या आलिमांना विचारून विक्रीची पद्धत ठरवावी. तसेच जो माल आपल्या ताब्यातच नाही त्याचे फोटो दुसरीकडून उचलून आपल्या वेबसाईटवर लावायचे आणि ऑर्डर आल्यावर शोधाशोध करायची, ही रीत हल्ली तरुणांत फार आहे. तीही विचारल्याशिवाय करू नये.

देशाचा कायदाही याच दिशेने जातो. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी आपल्या बाजारांत सर्रास दिसते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. जुलै २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. जो आपल्या वेबसाईटवरून माल विकतो त्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता, ईमेल, फोन आणि तक्रार ऐकणाऱ्याचे नाव वेबसाईटवर द्यायचे आहे. तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निकाल. छोट्या दुकानात तक्रार ऐकणारा म्हणजे आपणच किंवा आपला मुलगा. पण नाव लिहिलेले असावे. दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा असेल तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटीची नोंदणी सर्वसाधारणपणे लागते. हातकामाच्या काही वस्तूंना सवलत आहे, ती आपल्या वस्तूला लागू होते का हे हिशेबनिसाला विचारावे.

भाषेचा प्रश्न माझ्यापुढेही होता. मी उर्दू माध्यमात शिकलो. पहिले पान सुंदर नस्तालीकमध्ये असावे अशी फार इच्छा होती. मुलाने विचारले, "अब्बा, पान वाचणार कोण, तुम्ही की गिऱ्हाईक?" माझे गिऱ्हाईक मराठी आहे, सिंधी आहे, गुजराती आहे. तेव्हा पान मराठीत आणि इंग्रजीत ठेवले, आणि उर्दूत दुकानाचे नाव तेवढे वर लावले. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. छापखान्यातून मिळणारा मजकूर पुष्कळदा जुन्या फॉन्टमध्ये असतो, आणि उर्दूचा असेल तर इनपेजमध्ये. तो जसाच्या तसा वेबसाईटवर टाकला की एकतर भलतीच अक्षरे दिसतात, किंवा करणारा त्याचे चित्र बनवून लावतो. चित्रातला मजकूर शोधात नीट सापडेल याचा भरवसा नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा, ही अट कोटेशनवर लिहून घ्यावी. देवनागरीत पत्ताही घेता येतो, डॉट भारत ही सोय २०१४ पासून आहे. हौस म्हणून चांगली आहे, पण पिशवीवर छापायला रोमन अक्षरांतलेच नाव बरे पडते.

पैसे घेण्याची व्यवस्था सुरुवातीला साधी ठेवावी. गिऱ्हाइकाने माल निवडावा, फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर पक्के करावे, यूपीआयने पैसे पाठवावेत. दिवसाला दहा-पंधरा ऑर्डरी येऊ लागल्या की मग गेटवे बसवावा. तो बसवताना आपला आकार किती टक्के आणि पैसे किती दिवसांनी खात्यात येतात हे विचारून घ्यावे. बऱ्याच गेटवेत हप्त्याचे आणि "नंतर पैसे द्या" असे पर्याय आपोआप दिसतात, ज्यात व्याज येते. ज्यांना ते नको असतील त्यांनी बसवणाऱ्याला स्पष्ट सांगून बंद करून घ्यावेत. तो स्वतःहून विचारणार नाही.

भिवंडीच्या त्या बांधवांनी शेवटी कोटेशन परत नेले आणि तीन पानांचे नवे मागितले. नाव त्यांनी माझ्या दुकानातच बसून स्वतःच्या मोबाईलवरून नोंदवले. पाच वर्षांचे घेतले. चहा थंड होण्याच्या आत काम झाले.

एक वेळेची बाब राहिली. ज्यांचा धंदा ईदवर आहे त्यांनी हे सारे शाबान लागण्याआधी पुरे करून घ्यावे. रमजानमध्ये दुकानात पाय ठेवायला जागा नसते, त्यावेळी नवी वेबसाईट सुरू केली तर वेबसाईटवर शिल्लक दाखवलेला ताका दुकानात केव्हाच कापला गेलेला असतो. रोज रात्री दुकान बंद करताना संपलेला माल वेबसाईटवरून काढण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्यावे. दोघांकडे दिले तर कोणीच करत नाही.